ताजा अननस घालू नये

हसणाऱ्यांत मीही होते. मंगळवारी दुपारी, लायब्ररीच्या मागच्या खोलीत, जिथे लोकांनी दान केलेल्या पुस्तकांची खोकी आम्ही उघडतो, तिथे पेट्रा टेबलावर चढून बसली होती आणि एका जुन्या पाककृतींच्या पुस्तकातून मोठ्याने वाचत होती. ऑगी हातातला कॉफीचा कप सांभाळत हसत होता, आणि मी दारात, दोन पुस्तकं छातीशी धरून. पेट्रा सव्वीस वर्षांची आहे. शनिवारच्या छोट्या प्रदर्शनाची कल्पना तिचीच. काचेच्या कपाटात जुनी पाकपुस्तकं, जाहिरातींची पत्रकं, पितळी आणि ॲल्युमिनियमचे साचे, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव: ‘आजीच्या काळातले भयंकर पदार्थ’. तिच्या हातातलं पुस्तक प्लॅस्टिकच्या वेटोळ्यात बांधलेलं, कोपरे तेलकट झालेलं, मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या एका लूथरन चर्चच्या महिला मंडळाने एकोणीसशे एकसष्ट साली छापलेलं होतं. “ऐका, ऐका,” ती म्हणाली. “हिरव्या जेलीचं एक पाकीट. एक कप उकळतं पाणी. एक डबा अननस, रसासकट. कॉटेज चीज. अक्रोड. आणि आता धीर धरा, अर्धा कप मेयोनेझ!” ऑगी म्हणाला, “हे खाऊन माणसं जगली, लग्नं केली, मुलं वाढवली. आपण कुठे आहोत?” पेट्रा म्हणाली, “थांब, खरी गंमत खाली आहे. टीप: ताजा अननस घालू नये. पुढे परत, कधीही नाही. आणि त्याखाली रेघ! ताज्या अननसाने असं काय पाप केलंय? डबाबंद फळं विकणाऱ्यांची फूस असणार या बायकांना.” “कुणाची आहे ही कृती?” ऑगीने विचारलं. पेट्राने पान जवळ धरलं. “मिसेस वर्नर क्यूल.” आणि आम्ही तिघंही हसलो.

हसू चेहऱ्यावर राहून गेलं. ते काढून ठेवायचं कुठे, ते मला कळेना. वर्नर क्यूल माझे वडील. माझं आडनाव लग्नात बदललं आणि घटस्फोटानंतर परत बदलायचं राहून गेलं, त्यामुळे लायब्ररीत कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, आणि काहीतरी पुटपुटून तळमजल्यावरच्या वाचनकक्षात आले. तिथे एक म्हातारा गृहस्थ वर्तमानपत्र वाचता वाचता झोपला होता. त्याच्या समोरच्या खुर्चीवर मी बसले. आईचं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि ते तिचं नव्हतंच. हा विचार आला आणि गेला. राहिली ती टीप. एकसष्ट. मनातल्या मनात मी वजाबाकी केली, मग बोटांवर केली, जणू बोटांवर उत्तर वेगळं येणार होतं. चौऱ्याहत्तर वजा एकसष्ट. तेरा वर्षं. आईला तेरा वर्षं माहीत होतं.

चौऱ्याहत्तरच्या ईस्टरला मी वीस वर्षांची होते आणि मॅडिसनच्या विद्यापीठातून बसने घरी येत होते. मांडीवर एक अननस होता. बसच्या प्रत्येक वळणावर त्याचा तुरा शेजारच्या बाईच्या दंडाला टोचत होता, आणि मी माफी मागत होते, पण आतून मला अभिमान वाटत होता. त्या वर्षी मी सहा मैत्रिणींबरोबर एका घरात राहायला लागले होते. तिथे आम्ही तपकिरी तांदूळ शिजवायचो, स्वतः पाव भाजायचो आणि डब्यातल्या, पाकिटातल्या, खोक्यातल्या सगळ्या गोष्टींवर मनापासून चिडायचो. माझ्या आईचं स्वयंपाकघर म्हणजे डबे, पाकिटं आणि खोकी. मशरूम सूपच्या डब्याशिवाय तिची बीन्स होत नसत, आणि ट्यूनाच्या भांड्यावर ती बटाट्याचे वेफर्स चुरून घालायची. आणि ईस्टरला, नाताळला, कुणाच्या घरी बाळ झालं की, कुणी गेलं की, गोल साच्यातली हिरवी जेली. मधे भोक असलेली, ताटात उतरवली की श्वास घेतल्यासारखी हलणारी. चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर आठ-दहा जेल्या असत, लाल, नारिंगी, एक तर पिवळी गाजरवाली, पण आईची आधी संपायची. मी अननस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आई, या वेळी एकदा तरी खरं काहीतरी घाल.” तिने हात एप्रनला पुसले. अननस दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून हुंगला. “अगं, वास तर बघ!” ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मी आता त्या क्षणाकडे परत परत जाते, तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे, कारण तिला जे काही ठरवायचं होतं ते तिने तिथेच ठरवलं असणार. दोन दिवस अननस टेबलावर पाहुण्यासारखा बसून होता. वडील त्याला रोज सकाळी “काय म्हणताय?” विचारायचे. शनिवारी मी तो पावाच्या सुरीने कापला, आईने पाणी उकळलं, आम्ही दोघींनी मिळून सगळं साच्यात ओतलं. माझ्या आठवणीत आईबरोबर मी स्वयंपाकघरात असं काही मिळून केलं ते त्या एकाच वेळी.

रविवारी जेली झाली नव्हती. हे मला चर्चच्या तळघरात कळलं, जेव्हा आई आतून पंच नावाचं सरबत ठेवायचं काचेचं मोठं पातेलं घेऊन आली, त्यात पळी होती, आणि ती हसत सगळ्यांना म्हणाली, “आज काटे राहू देत. चमचे घ्या.” हिरवं पाणी, तळाशी बसलेलं कॉटेज चीज, वर तरंगणारे अक्रोड. बायका एकेक करून आल्या. “नवीन प्रकार का, आर्डिस?” “कोरीनने ताजा अननस आणलाय.” “हो का? बघू, बघू.” कागदी कप भरून घेत त्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, काय चव आहे गं, डब्यातल्याला नाही यायची. आणि मी, माझ्या कपातून एक चमचा खाऊन, शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांना समजावून सांगत होते की ही पाकिटातली पावडर म्हणजे नुसती रसायनं, तिच्यात धरून ठेवायची ताकदच नसते, खरं फळ समोर आलं की तिचं पितळ उघडं पडतं. आई माझ्या मागे उभी होती. “असेल हो,” ती म्हणाली. “पावडरच खराब असेल.”

हा माझा किस्सा झाला. आईची जेली फसली ते वर्ष. मी तो माझ्या नवऱ्याला सांगितला, त्याच्या आईला सांगितला, दर थँक्सगिव्हिंगला कुणी ना कुणी नवं माणूस टेबलाशी असायचं त्याला सांगितला. आई तिथेच असायची. ती माझ्याकडे बघत असायची, हनुवटी तळहातावर टेकवून, आणि शेवटी सगळ्यांबरोबर हसायची. आणि या फेब्रुवारीत, तिच्या अंत्यसंस्कारानंतर, त्याच तळघरात, बुटांवरून वितळणाऱ्या बर्फाची डबकी जमिनीवर साचलेली असताना, हॅम आणि बटाट्यांच्या भांड्यांपुढे उभी राहून मी तो पुन्हा सांगितला. लोकांना हलकं वाटावं म्हणून. माझी आई आयुष्यात एकदाच हरली, मी म्हणाले, एका हिरव्या पाकिटापुढे. लोक हसले. मागच्या टेबलावर आईच्या वयाच्या चार-पाच बायका बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, हे मला तेव्हाही दिसलं होतं. त्यांतल्या वर्नामावशीने तर मान खाली घालून ताटातला पाव सरळ केला. मला वाटलं, म्हाताऱ्या झाल्यात, ऐकू आलं नसेल.

दुपारच्या तीनपर्यंत वर्नामावशी झोपते, म्हणून सव्वातीनला मी तिला फोन केला. ती आईची शाळेपासूनची मैत्रीण. एक्याण्णव वर्षांची आहे आणि तळ्याकाठच्या वृद्धनिवासात चौथ्या मजल्यावर राहते. “कोण? जोरात बोल, कानातलं यंत्र टेबलावर आहे.” “कोरीन, मावशी.” “कोरीन! काय गं, सर्दी झालीय का? आवाज कसला येतोय?” “मावशी, आईला माहीत होतं?” “काय माहीत होतं?” “अननसाचं. चौऱ्याहत्तरच्या ईस्टरचं.” पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. यंत्र कानात घालताना होते ती शिट्टी आली. “घ्या,” ती म्हणाली. “विद्यापीठात शिकलेल्या बाईला एवढी वर्षं लागली.” मी फोन कानाशी घट्ट धरला. “अगं, ताज्या अननसात काहीतरी असतं, ते जेलीला धरूच देत नाही. डब्यात भरताना शिजतो, मग ते मरतं. हे आम्हाला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळायचं, नवऱ्याच्या घोरण्यासारखं. आणि आर्डिसला कळणार नाही? तिने तर छापून आणलंय!” “आज पाहिलं मी ते.” “त्या रविवारी सकाळी सातला तिचा फोन. म्हणाली, वर्ना, जेली झाली नाही. मी म्हटलं, मग ओतून दे आणि डबा फोड, पाच तास आहेत हातात. तर म्हणे, नाही, पोरीने मॅडिसनहून मांडीवर आणलाय. मी म्हटलं, वेडी आहेस का, सगळ्यांसमोर? तर फोनच ठेवला. आणि मग चर्चच्या स्वयंपाकघरात आम्हाला सगळ्यांना भिंतीशी उभं केलं, मुलींना करतात तसं, आणि म्हणाली, कुणी एक शब्द काढायचा नाही. लोरेन म्हणाली, पण आर्डिस, हे सूप आहे. आर्डिस म्हणाली, मग सूप म्हणून खा.” मावशी हसायला लागली, ते हसणं खोकल्यात गेलं, मी वाट पाहिली. “दोन कप संपवले मी. भयंकर होतं गं. तेव्हापासून अक्रोड नको वाटतात मला.”

“मावशी, आणि मी फेब्रुवारीत तिथे उभी राहून…” “हो, ऐकलं. लोरेनने माझा हात असा दाबला, दोन दिवस निळा होता.” “मला थांबवायचं ना.” “कशी थांबवणार? शब्द दिला होता.” मग म्हणाली, “आणि ऐक. उगाच रडत बसू नकोस. आर्डिसला तुझा तो किस्सा आवडायचा. म्हणायची, कोरीन काय रंगवून सांगते.” मी तिला शनिवारच्या प्रदर्शनाबद्दल सांगितलं, कपाटात आईचं पान उघडं असेल हे सांगितलं, कपाटाला काय नाव दिलंय तेही सांगितलं. “भयंकर तर होतेच काही,” ती म्हणाली. “ट्यूनाची जेली आठवते? मिल्ड्रेडची? शनिवारी मला न्यायला ये. खुर्चीला चाकं आहेत, तुला ढकलायचं एवढंच काम.”

घरी येऊन मी आईची डबी काढली. ती आजवर उघडली नव्हती. पत्र्याची, झाकणावर कोंबडा असलेली, आत तिच्या हातच्या पाककृतींची कार्डं. खरं सांगायचं तर मी काहीतरी शोधत होते, तिने कुठल्या तरी कोपऱ्यात लिहून ठेवलेला एक शब्द, एक तारीख. हिरव्या जेलीचं कार्डच नव्हतं. तिला त्याची गरज कधीच पडली नसणार. बाकीच्या कार्डांवर लोणी, व्हॅनिला आणि एका कार्डावर तिच्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा, पिठाचा, वाळून पांढरा झालेला. मी त्याच्यावर माझा अंगठा ठेवणार होते, ठेवला नाही. झडून गेला असता. मी आयुष्यभर वाचत आले. माणसं माणसांसाठी काय काय करतात याची किती पानं मी डोळ्यांखालून घातली, खुणा केल्या, लोकांना वाचायला दिली. आणि माझ्या हातात कागदी कप होता, त्यात ते होतं, मी ते चमच्याने खाल्लं आणि त्यावर भाषण दिलं. मला राग येत होता आणि तो कुणावर धरावा ते कळत नव्हतं. तिने सांगितलं असतं तर? शनिवारी संध्याकाळी, सुरी माझ्या हातात असताना, नुसतं म्हणाली असती की कोरीन, याने जेली होत नाही गं. मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हटलं असतं, मग ही जेलीच नको. आणि त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी मिळून काही केलं ते एकदाही झालं नसतं.

जानेवारीच्या शेवटी इस्पितळात ती जवळजवळ काहीच खात नव्हती. दुपारी परिचारिका ट्रेवर एक छोटी वाटी ठेवून जायची, वर चंदेरी झाकण, आत नारिंगी जेली. मी चमच्याने भरवायचे. माझ्या चमच्याखाली ती जेली तुटायची आणि थरथरायची. एका दुपारी आईने घास तोंडात धरून ठेवला, विरघळू दिला, आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, “छान धरलीय.” मग माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मला वाटलं, तिचं मन कुठेतरी भलतीकडे आहे. मी म्हणाले, हो आई, आणि ओठ पुसले. त्यानंतर ती फार बोलली नाही.

बुधवारी सकाळी मी पेट्राला सांगितलं. ती कपाटाची काच पुसत होती. “मिसेस वर्नर क्यूल माझी आई,” मी म्हणाले. फडका तिच्या हातात तसाच राहिला. “अरे देवा,” ती म्हणाली. “अरे देवा, कोरीन. आणि मी ते सगळं… तुमची आई तर आत्ताच…” “फेब्रुवारीत.” तिचा चेहरा, मान, कान, सगळं लाल झालं. “तुम्ही मला एक द्यायची होती थोबाडीत.” “मीही हसले होते.” “मी नाव बदलते. वरचं. आत्ता बदलते.” “ते राहू दे. वर्नामावशी म्हणते, काही खरंच भयंकर होते. फक्त आईच्या पानापुढच्या चिठ्ठीवर तिचं नाव घाल. आर्डिस. मिसेस कुणी नाही. आर्डिस क्यूल.” तिने तिथेच, उभ्याउभ्या, सुंदर अक्षरात ते लिहिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. मग मी म्हणाले की शनिवारी लोकांना चाखायला ती जेली मी करून ठेवीन, इथेच, लायब्ररीच्या स्वयंपाकघरात, शुक्रवारी दुपारी. आईच्या नावाखाली एकदा तरी ती ताटात उभी राहिलेली सगळ्यांना दिसू दे, असं मनात होतं. ते मी बोलले नाही. तळघरातला तो किस्सा मला मोडायचा होता, आणि मोडायचा तर जेलीनेच.

शुक्रवारी मी आईचा साचा आणला, दोन पाकिटं आणली, अननसाचे दोन डबे पिशवीत होते. पाणी उकळायला ठेवलं. तेवढ्यात पेट्रा आली. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या आणि उजव्या हातात झाकण लावलेला मोठा वाडगा. “रागवू नका,” ती म्हणाली. “पुस्तकात काय लिहिलंय ते माहितीये मला. पण ते कंपनीवाल्यांचं आहे, कोरीन, खरंच. त्या काळी बायकांना काय वाट्टेल ते सांगायचे. मी पहाटे बाजारात गेले, सगळ्यात पिकलेला निवडला. आयुष्यात पहिल्यांदा कापलाय, बघा ना हे.” तिने पट्ट्या दाखवल्या. “तुमच्या आईसाठी डब्यातलं नको वाटलं मला. मंगळवारी मी जे काही बोलले त्यानंतर तर नकोच.” तिने झाकण काढलं. पिवळे, वेडेवाकडे, कमीजास्त आकाराचे तुकडे होते आणि वाडग्याच्या तळाशी रस साचला होता.

माझा हात पिशवीत होता. डब्याची गार पत्र्याची कड बोटांना लागत होती. एक वाक्य पुरलं असतं. ती शहाणी मुलगी आहे, हसली असती, कपाळावर हात मारला असता, आणि जाताना तो वाडगा उचलून घेऊन गेली असती. उद्या दुपारी ताटात हिरवी जेली उभी राहिली असती, आणि तिच्यापुढे आईचं नाव. किटलीचं पाणी खळखळायला लागलं. उद्या वर्नामावशी चाकाच्या खुर्चीत बसून येणार होती, तिला एका नजरेत कळणार होतं, आणि बाकी कुणालाही काही कळणार नव्हतं. मला वाटलं होतं आईला त्या सकाळी फार जड गेलं असेल. तसं नव्हतं. डब्यावरची बोटं सुटली ती आपोआप सुटली. मी पिशवी खुर्चीखाली सरकवली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि नाकाजवळ नेला.

“अगं, वास तर बघ!” मी म्हणाले.

पेट्राचा चेहरा उजळला. तिने बाह्या वर केल्या. मी पाकिटं फोडली, तिने पाणी ओतलं, हिरवी वाफ दोघींच्या चेहऱ्यावर आली. तिने अननस घातला, मी कॉटेज चीज, मेयोनेझ पाहून तिने डोळे मिटून घेतले आणि तरी ढवळलं. आम्ही दोघींनी मिळून ते साच्यात ओतलं, काठोकाठ, एक थेंब न सांडता, आणि साचा शीतकपाटात ठेवला.

“उद्या मी लवकर येते,” हात धुता धुता ती म्हणाली. “कागदी बशा आहेत. काटे किती आणू? चाळीस पुरतील?”

“काटे राहू देत,” मी म्हणाले. “चमचे आण. आणि कप.”